शेड पाडल्यावर

३ फेब्रुवारी
नागपूरहून या कानडी शहरात आले आणि आजच हॉस्पिटलात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले. शिवाजीनगरच्या बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. पहिलं काम: आवारात धूम्रपान पूर्ण बंद करणं. छातीच्या वॉर्डातल्या आया शकुंतलाबाई चक्क मराठी निघाल्या, तीन पिढ्या इथल्याच. स्वल्प तरी घ्या अक्का, म्हणत त्यांनी डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, वाढलं. फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
मागच्या भिंतीलगत पत्र्याची शेड आहे, सगळे तिथेच ओढतात. ती पाडायला सांगितली, तर वॉचमन मंजुनाथ हात लावेना. कारण शकुंतलाबाईंनी सांगितलं. त्यांच्याच गल्लीतल्या गिरीधरची बायको वर छातीच्या वॉर्डात, चार नंबरच्या खाटेवर, ऑक्सिजनवर होती. हा एक सिगारेट ओढायला खाली उतरला आणि तेवढ्यात ती गेली. तो शेडमधून उठलाच नाही; सकाळी तिथेच मेलेला सापडला. अजून बसतो म्हणे.
मला हसू आलं. दुपारी माणसं बोलावून शेड पाडली.

९ फेब्रुवारी
जिन्यात सिगारेटचा वास. कॅमेऱ्यात कुणीच नाही.

१० फेब्रुवारी
पहिल्या मजल्यावर पायरीवर जळतं थोटूक. पायाने विझवलं. मान वर केली तर चार पायऱ्या वर दुसरं, तेही जळतं.

११ फेब्रुवारी
धूर वॉर्डाच्या दाराशी आलाय. आत सहा पेशंट, सहाही ऑक्सिजनवर. एक ठिणगी पडली तर—
शकुंतलाबाई रडत म्हणाल्या, “तुम्ही त्याची जागा मोडलीत अक्का. आता तो बायकोकडे निघालाय.”

१२ फेब्रुवारी, सकाळ
ऑक्सिजनची लाइन तपासायची आहे असं खोटंच सांगून पाच पेशंट हलवून घेतले. चार नंबरच्या सुब्बारावांना हलवता येत नाही. मास्क क्षणभर निघाला तरी जीव जाईल, असं डॉक्टर म्हणाले.
मी इथेच थांबणार. शेड मीच पाडली.

दुपार
सुब्बारावांच्या खाटेशी लिहीत बसलेय. दार बंद. फटीतून धूर आत—
खाटेजवळची खुर्ची सरकली. कुणी नाही तिच्यात.
मी म्हटलं, गिरीधरअण्णा, ही तुमची बायको नाही. ती गेली.
सुब्बारावांचा मास्क हलतोय— काढतोय? नाही. नीट बसवतोय. पांघरूण वर ओढतोय.
आता माझ्याकडे वळलाय. आवाज अगदी हळू.
“अक्का, एकच ओढून घेतो. तोवर हिच्याकडे बघाल?”
मी बाहेर जा म्हणतेय. जा, अण्णा, खाली जा. तो उठत नाहीये. खिसा चाचपतोय. इथेच काडी—