सुबाभूळ तोडली त्याबद्दल

बाई, शाळेच्या मैदानातली तुमची सुबाभूळ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तोडली. मीच तोडायला लावली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आडवळणानं लिहीत बसेन आणि मुद्द्याशी येणारच नाही. सकाळपासून दोन ओळी लिहिते आणि उठते. चहा करते, खिडकीशी जाते, ऑफिसचे मेल बघते, परत येऊन बसते. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी मी अजून दारात उभी आहे.

मी बागा आखते हे तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्ही होतात तेव्हा मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढत होते. आता दादरला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांच्या बागा आखण्यात माझी पहिली कितीतरी वर्षं गेली. बिल्डरला सगळं लगेच हिरवं हवं असायचं. आम्ही ट्रकनं पाम आणायचो, परदेशी झुडपं आणायचो, आणि ताबा द्यायच्या दिवशी बाग फोटोत छान दिसायची. त्या बागांमध्ये मी पुन्हा गेले की मला चैन पडायचं नाही. सगळं टवटवीत, पण एक मुंगीसुद्धा तिथं कामाला आलेली दिसत नसे. मग हळूहळू मी वाचायला लागले, जाणत्या लोकांबरोबर फिरायला लागले, आणि ज्यांची या मातीशी, इथल्या पाखरांशी, किड्यांशी जुनी ओळख आहे तीच झाडं लावायची असा माझा हट्ट झाला. ताम्हण, करंज, बहावा, कुडा, निर्गुडी, करवंद. त्या हट्टापायी कामं गेली. पण तो हट्ट तुमच्या झाडापर्यंत येऊन पोचेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी पाचवीत होते तेव्हाचं आपलं मैदान मला लख्ख दिसतं. चारी बाजूंनी भिंती, मधे नुसती धूळ, पलीकडे गिरणीचं धुराडं, आणि त्यातून धूर येत नव्हता, कारण संप होता. आमच्या बहुतेकांचे वडील घरीच बसलेले. त्या दिवसांत कवायतीला आमच्या वर्गातली एक मुलगी उन्हात कोसळली. सकाळी काही न खाता आली होती. तुम्ही तिला उचलून स्टाफरूममध्ये नेलंत, तिला तुमच्या डब्यातली पोळी खायला घातलीत आणि बाहेर येऊन मैदानाकडे अशा काही रागानं बघत राहिलात की आम्ही सगळ्या मागे सरलो. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गिरगावातून बसनं येताना मांडीवर पोतं ठेवून रोपं आणलीत. सरकारच तेव्हा सगळीकडे सुबाभूळ, हे परदेशातलं झाड, लावा म्हणून सांगत होतं. तुम्ही पदर खोचलाय, हातात पहार आहे, शिपाईकाका मी खणतो म्हणतायत आणि तुम्ही त्यांना देत नाही आहात. "ही भराभर वाढते," तुम्ही आम्हाला म्हणालात. "तुम्ही आठवीत जाल तेव्हा हिच्याखाली बसाल." बाकीची रोपं गेली, एक जगलं. आणि आठवीत आम्ही खरंच तिच्याखाली बसलो. वाऱ्यानं वाळक्या शेंगा खुळखुळायच्या आणि तुमचा आवाज अधूनमधून त्यात बुडायचा.

तुमचा ओरडाही मी तिथंच खाल्ल्याचं आठवतं. मी निबंधात लिहिलं होतं, झाडे आपल्याला सावली देतात, फळे देतात, लाकूड देतात. तुम्ही वही बाजूला सारलीत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "झाडं तुझी नोकर आहेत का गं?" मी रडले. त्या रविवारी तुम्ही मला तुमच्या गिरगावातल्या खोलीवर बोलावलंत. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की तुम्ही पोहे परतत होतात आणि मी उंबऱ्यावर बसले होते. तुमची लेक तेव्हा बालवाडीत असेल, ती माझ्या रिबिनीशी खेळत होती. पोहे झाल्यावर तुम्ही कपाटातून एक भिंग काढून माझ्या हातात दिलंत आणि कुंडीतल्या कढीलिंबावरची अळी दाखवलीत. भिंग परत करू लागले तर म्हणालात, राहू दे तुझ्याकडे.

तर, दोन वर्षांपूर्वी शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. मैदान नव्यानं करायचंय, तुम्ही माजी विद्यार्थिनी आहात, बघाल का. मी आनंदानं गेले. सुबाभूळ अवाढव्य झाली होती. आणि तिची पिल्लं कुठं नव्हती? गटाराच्या कडेला, भिंतीच्या भेगांत, मुतारीच्या छपरावर, शेजारच्या चाळीच्या अंगणात, त्यापलीकडे रेल्वेच्या कुंपणापर्यंत. कुणीतरी मधे कधीतरी बकुळ लावली होती, ती तिच्या रोपांच्या गर्दीत माझ्या खांद्याएवढी होऊन थांबली होती. दुसऱ्या कुठल्या शाळेत मी एका मिनिटात सांगितलं असतं की मूळ झाड काढल्याशिवाय काही खरं नाही, दरवर्षी तेच बी पडणार. इथं मी मुख्याध्यापिकांना म्हणाले की विचार करून सांगते. मग कितीतरी दिवस मी कागदावर वेगवेगळे आराखडे काढत बसले. झाड ठेवून, झाड अर्धं छाटून, झाडाभोवती पार बांधून. एकातही मन लागेना. शेवटी काढायचं असं लिहून दिलं. मुख्याध्यापिकांनी एकच विचारलं, "आणि मुलं तोवर उन्हात?" मी म्हटलं, कापड ताणू, काही वर्षांचा प्रश्न आहे. हे बोलताना मला ती कोसळलेली मुलगी दिसत होती. तुम्ही त्या वर्षीच्या मुलांसाठी झाड निवडलं होतंत. मी अजून जन्मायच्या मुलांसाठी निवडत होते, आणि आज शाळेत असलेल्या मुलांना थांबा म्हणत होते.

पालिकेकडे परवानगीचा अर्ज गेला, झाडाच्या बुंध्यावर नोटीस लागली. हरकत आली ती एकच, तुमच्या लेकीची. तिला कुणीतरी नोटिशीचा फोटो पाठवला होता. मी तिला फोन करून शाळेत यायची विनंती केली. ती आली. केस पिकलेत, चालणं अगदी तुमचं. मी तिला सगळीकडे फिरवलं. छपरावरची रोपं दाखवली, रेल्वेचं कुंपण दाखवलं, ती बकुळ दाखवली. मी फार बोलले, बाई. गप्प बसायची भीती वाटते तेव्हा माणूस बोलतो तसं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

मग ती बुंध्याला हात लावून म्हणाली, "आमची चाळ गेली, तिथं टॉवर होतोय. आईच्या हातचं आता एवढंच उभं आहे."

मी म्हटलं की मला कळतं.

"तुमचं बी-बियाणं मला कळत नाही. खोटंही वाटत नाही. मला एवढंच सांगा, आई असती तर तिला पटवलं असतंत?"

"प्रयत्न केला असता."

"आणि ती नाही म्हणाली असती तर?"

वर कावळे ओरडत होते. तिनं वर फांद्यांकडे पाहिलं. निघताना म्हणाली, "हरकत मी मागे घेणार नाही. पण सुनावणीला येणारही नाही. तुम्ही काय ते करा." हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

परवानगी आली. घरटी रिकामी असल्याची मी स्वतः दोनदा खात्री करून घेतली आणि सुट्टीत माणसं बोलावली. मला वाटलं होतं दिवसभर चालेल. दुपारच्या जेवणाआधीच सगळं आडवं झालं. लाकूड आतून फिकट पिवळसर होतं. बुंधा ठेवला तर पुन्हा फुटवे येतात, म्हणून मुळापर्यंत खणून काढावं लागलं. मैदानात एकदम इतकं ऊन आलं की मी डोळे मिटले. तुम्ही ते झाड लावायच्या आधीचं मैदान अगदी तसंच माझ्यासमोर पसरलं होतं, फक्त धुराडं नव्हतं. मी घरी आले, जेवले नाही, नवऱ्याशी विनाकारण भांडले.

सुट्टीनंतर मुलं आली तेव्हा वर्गशिक्षिकांच्या तक्रारी सुरू झाल्या. दुपारी वर्ग तापतात, कापडाची सावली पुरत नाही. खरं होतं. मी आणखी कापड बांधून दिलं. भिंतीला लागून करवंद आणि कुडा, मधे बहावा, करंज, ताम्हण लावले. मोठी रोपं मिळतील तेवढी मोठी आणली. ताम्हण उन्हाळ्यात गेलं, पुन्हा लावलं. पावसाळ्यात बहाव्यावर हिरव्या अळ्या पडल्या आणि चार दिवसांत झाडावर पान राहिलं नाही. पालकांनी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. मुख्याध्यापिकांचा फोन आला, फवारणी करायची का? मी म्हटलं, नको, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक वेळी थांबाच म्हणता." मला हसू आलं नाही. मी रोज संध्याकाळी परळला शाळेत जाऊन त्या काटकीकडे बघून येत होते, जणू माझ्या बघण्यानं पानं फुटणार होती. ती फुटली. गणपतीच्या सुट्टीच्या आत त्याच अळ्यांची फिकट पिवळी फुलपाखरं शाळेत फिरायला लागली आणि पाचवीच्या बाईंनी मला त्याचा व्हिडिओ पाठवला. बकुळीनं मात्र या एका वर्षात जे अंग धरलंय ते पाहून मी स्वतःच चकित झाले.

तरी माझी घालमेल थांबलेली नाही. आपण योग्य केलं याची खात्री मला कामापुरती आहे, कागदावर, मीटिंगमध्ये, नर्सरीवाल्यांशी भांडताना. मार्चमध्ये दुपारी मैदानात उभी राहिले की ती तितकीशी टिकत नाही. झाडं मोठी होतील तेव्हा मी कदाचित नसेन. तुम्हाला निदान दोन-तीन वर्षांत सावली बघायला मिळाली.

मागच्या आठवड्यात तुमच्या लेकीचा फोन आला. तिनं मैदान येऊन पाहिलं म्हणे, एकटीनंच. शाळेच्या अंकासाठी आईवर काहीतरी लिहून द्याल का, एवढंच विचारलं. मी हो म्हणून बसले आणि हे असं झालं. हे तिला देता येणार नाही. तिच्यासाठी मी पोह्यांवर, पहारीवर, तुमच्या शिकवण्यावर दुसरं काहीतरी लिहीन, ते खरंच असेल. हे इथंच राहील.

कारण इथं मला एक गोष्ट लिहायची आहे जी तिच्यासमोर लिहिता येणार नाही. परवानगीचा कागद हातात आला, त्या क्षणी माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते झाडाबद्दल नव्हतं, मुलांबद्दल नव्हतं. बरं झालं, बाई आता नाहीत, असं आलं.