पुदिन्याचं पाणी

३ जुलै
लेकीला घेऊन सासूबाईंच्या डोंगरातल्या कुरणात पोचलो, तंबू लागला. गेल्या उन्हाळ्यात इथल्या झऱ्याचं पाणी पिऊन तिलीलाचं पोट बिघडलं. पाच वर्षांची पोर, खेचरावरून नऊ तास खाली दवाखान्यात न्यावी लागली. निघताना बायकोनं बजावलंय, यंदा तसं झालं तर पोर पुन्हा डोंगरात यायची नाही. पाण्याचं खातं माझ्याकडे. माराकेशहून क्लोरीनच्या गोळ्या आणल्यात. चूक शक्यच नाही.

४ जुलै, सकाळ
लिटरला एक गोळी, अर्धा तास थांबायचं. घड्याळ लावून थांबलो. सासूबाई, लल्ला इत्तो, म्हणाल्या, जावईबापू, सरळ उकळा की. म्हटलं, सरपण कशाला जाळायचं फुकट? हसल्या. हसू देत.

५ जुलै
पाण्याला औषधाचा वास येतो. तिलीला नुसत्या वासानंच तोंड वाकडं करते. उपाय सुचला: पुदिना! ओढ्याकाठी, मेंढरांच्या वाड्याच्या खालच्या अंगाला, खत मिळून नुसता माजलाय. प्रत्येक बाटलीत जुडी कोंबली. सासूबाई पुदिना फक्त उकळत्या चहात घालतात. जुनी माणसं.

७ जुलै
पोट किंचित नाराज. उंचीमुळे.

७ जुलै, दुपार
उंचीमुळेच. पाचव्यांदा जाऊन आलो.

८ जुलै
तिलीलाचं अंग तापलंय. डोळे मिटून पडली होती. बाटल्या मीच भरून तिच्या हातात दिल्या, रोज, हट्टानं. या अल्ला, पोरीला काही होऊ देऊ नकोस. खेचरावर जीन चढवलं. मध्येच दोनदा झुडपामागे पळालो.

सासूबाईंनी विचारलं, पुदिना धुतला होता का? म्हटलं, गोळीच्या पाण्यात आपोआप धुतला जातो की! बोलून गेलो, आणि वाड्याखालचं ते खत आठवलं.

त्या म्हणाल्या, उतरवा ते जीन. पोर दिवसभर कोकरांमागे पळते, ऊन लागलंय तिला. तुमच्या पाण्याचा एक थेंब तिच्या पोटात गेलेला नाही. पहिल्या दिवसापासून मी उकळून गार केलेलं देतेय. तुमच्या बाटल्या खेचरापुढे ओतते. तेही पीत नाही.

९ जुलै
तिलीला ठणठणीत. मी आडवा. तिनं पेला आणून दिला. म्हणाली, बाबा, आजीनं उकळलंय, घाबरू नका. रडूच आलं.

खेचरावर पुन्हा जीन चढलंय. नऊ तास खाली दवाखान्यात, या वेळी मला. पोर इथंच राहणार आहे. सासूबाईंनी निरोप माझ्याच हाती दिलाय, बायकोसाठी: पुढच्या उन्हाळ्यात तिलीलाला खुशाल पाठव, जावईबापूंना नको.