डावा कान

३ मार्च

ती. बाबांस सा. न.

फोनवर तुम्ही दर वाक्याला 'काय?' म्हणता, म्हणून लिहिते. तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. आंघोळीत पाणी गेलं, असं तुम्ही कळवता. पाण्याने कानाला दडा बसतो. पडदा असा फाटत नाही. उजव्या हाताची थप्पड समोरच्याच्या डाव्या कानावर बसते. इथे इस्पितळात रोज कान तपासते मी. असे डावे कान तीन वर्षांत पुष्कळ पाहिले, शिपायांचे, मोलकरणींचे, ड्रायव्हरांचे. साहेबाचा एकही नाही.

तुम्ही मागता त्या दाखल्यावर 'पाणी' लिहिणार नाही. खरं काय ते कळवावं.

तुमची,
मोजपट्टी

८ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी दूधसुद्धा पट्टी लावून वाटून घ्यायचीस, तुझ्यापासून काय लपणार!

नव्या साहेबांची गाडी कंपनीच्या फाटकावर आली. नियमाप्रमाणे पास मागितला. ओळखत नाहीस का, असं त्यांनी विचारलं. ओळखतो, पण पास दाखवा, असं मी म्हणालो. पुढचं तू मोजलंसच. सगळे तिथे होते. कुणीच काही पाहिलं नाही.

संध्याकाळी चहा गार म्हणून तुझ्या आईवर हात उगारला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिने नुसतं पाहिलं, आणि हात वरच राहिला. साहेबांची थप्पड मी पुढे पाठवायला निघालो होतो, बेटा. तेव्हापासून ती हळू बोलते आणि मला काही ऐकू येत नाही.

साहेबांचं नाव निघालं तर नोकरी जाईल. तरी 'पाणी' लिहू नकोस.

तुझा,
फाटकवाला बाप

१२ मार्च

ती. बाबांस सा. न.

फॉर्म सोबत आहे. 'कारण' ही ओळ कोरी ठेवली आहे. ती तुमच्या अक्षरात हवी. सोमवारी या. आमच्या डॉक्टरांनी तपासलं की दाखला मिळेल, तो घेऊन आपण दोघं कामगार कचेरीत जाऊ. नोकरीचं सांगता येत नाही. पडदा मात्र बहुतेक दोन महिन्यांत भरेल.

आईच्या बाबतीत माझा दाखला चालणार नाही. निघण्याआधी तिची माफी मागा, आणि ती काय म्हणते ते उजवा कान पुढे करून ऐका.

स्टँडवर घ्यायला येते. रस्त्याने तुमच्या डाव्या बाजूने चालेन. बोलणार नाही, तिकडच्या गाड्या तेवढ्या ऐकेन.

लोभ आहेच. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, तेव्हा वाढला तरी चालेल.

तुमची,
मोजपट्टी