बिरोबावाडीची भिंत आणि स्कॉटलंडचा दुष्काळ

सोलापूर, २८ एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायी धाकट्या बहिणीचा, हेमावतीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते या वेळी खरे खरे लिहा. मागच्या पत्रात ‘उत्तम’ लिहिलेत आणि बार्शीहून येणारा प्रत्येक माणूस सांगतो की तुम्ही जिना चढत नाही. इकडे सारे सुखरूप. पाहुणे काल सकाळच्या गाडीने मुंबईला गेले. मी स्टेशनवरून घरी आले, डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतले आणि चार तास झोपले. यांनी दोनदा येऊन माझा श्वास चालू आहे ना ते पाहिले म्हणतात. तुमची चंद्रव्वाही माझ्याकडे खुशाल आहे, जरा काळवंडली आहे इतकेच.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे जावई स्कॉटलंडमध्ये डॉक्टर आहेत. त्यांनी तिथल्या एका शाळेशी आमच्या शाळेची सोयरीक जमवली. ठरले असे, की त्यांची आठ मुलेमुली आणि मिस मॅक्रे नावाच्या बाई ईस्टरच्या सुट्टीत यायच्या, आमच्या आठ मुलींनी (आपली चंद्रव्वा त्यांतलीच) त्यांच्या जोडीला राहायचे आणि मंगळवेढ्याच्या पलीकडे बिरोबावाडीत सगळ्यांनी मिळून शाळेची एक खोली हाताने बांधायची. (तिथली शाळा लिंबाखाली भरते. सावली सरकेल तसे वर्गही सरकतात.) अशाने त्यांच्या मुलांना जग कळेल आणि आपल्या गावाचे भले होईल, असे अध्यक्ष म्हणाले. दुभाषी म्हणून मला पाठवले. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी केलेला माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून आहे, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

मुले फार गुणी, अण्णा. पण भिंत कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हते. सकाळी सहापासून दगड रचायची आणि दहा वाजेपर्यंत भिंत ओढ्याकडे झुकायची. गावचा हरिबा गवंडी ते पाहून ठेवायचा. दुपारी उन्हामुळे मुले देवळात आडवी झाली की तो भिंत उतरवायचा आणि ओळंबा लावून पुन्हा चढवायचा. चार वाजता मुले उठून पाहायची तो भिंत सरळ. आपल्याकडच्या उन्हाने दगडमाती आपोआप बसते असे एका मुलाने वहीत लिहून घेतले. मी ते खोडायला सांगितले नाही (हे माझे पहिले पाप).

दुसरे पाप मोठे. तिसऱ्या दिवशी मी पाणी उकळून गाळत होते (ते पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत, आणि नऊ जणांना किती पाणी लागते ते मला विचारा). शेजारी केराबाई नावाची मेंढपाळाची म्हातारी येऊन बसली आणि बराच वेळ काही विचारत राहिली. माझे सगळे लक्ष फडक्याकडे. मी आपली ‘हो, हो’ म्हणत गेले. संध्याकाळी कळले, तिने विचारले होते, “बाई, ह्या लेकरांच्या मुलकात लई मोठा दुष्काळ पडलाय व्हय?”

तिचेही चुकले नाही. दोन वर्षांमागे सगळी वाडी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कोणी माणूस घर सोडून लांब येतो आणि उन्हात दगड उचलतो, तो कशासाठी, हे त्यांना पुरते माहीत होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरातून भाकऱ्या येऊ लागल्या. बायका मुलींच्या पाट्या अर्ध्याच भरू लागल्या. सरपंच बिरप्पा हळूच मला म्हणाला, “वजन कमी द्या त्यास्नी. अंगात काय न्हाय लेकरांच्या.” मला खुलासा करायचा होता, पण आज करू, उद्या करू म्हणता खोलीला पत्रे चढले आणि निरोपाचा दिवस आला.

त्या दिवशी अध्यक्ष सोलापुराहून मोटारीने आले. बिरप्पाने मधोमध ज्वारीचे पोते ठेवले, वर नवे घोंगडे घातले आणि तो उभा राहिला. “पाव्हणं, आज तुमच्यावर वाईट दिस आल्यात. आमच्यावरबी आलं हुतं. खडी फोडून काढलं. तुमचंबी जातील. गावानं जमलं तेवढं दिलंय, मुलकात न्या.” मी इंग्रजीत सांगितले की गाव आपले मनापासून आभारी आहे. मिसने पोत्याबद्दल विचारले. मी म्हटले, इथली रीत आहे.

“आत्या, ते तसं नाही म्हणाले,” चंद्रव्वा मागून म्हणाली. आणि पुढे येऊन, एकेक शब्द शोधत, तिने सगळे जसेच्या तसे सांगितले. माझे ‘हो, हो’ सुद्धा.

अध्यक्षांनी रुमाल काढला. मला माझा अर्ज डोळ्यांपुढे फाटताना दिसला. मिस मॅक्रे कानापर्यंत लाल झाल्या, मग केराबाईशेजारी जमिनीवर बसल्या आणि चंद्रव्वाला म्हणाल्या, मी सांगते तसे सांग. मी लहान होते तेव्हा आमच्याकडे लढाई होती. आठवड्याला एक अंडे मिळायचे. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी आम्हाला डबे पाठवले. त्यांना धन्यवाद द्यायचे राहून गेले. हे आम्ही घेतो.

केराबाईने मिसच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मग त्यात लाजायचं काय,” ती म्हणाली. “घ्या की.”

अण्णा, माझ्या अंगातून दहा दिवसांचे ओझे उतरले. पोते विमानात जाणार नव्हते. मिसने तिथल्या तिथे गावाला विचारले आणि घोंगडे व ओंजळभर ज्वारी घेऊन बाकीची लिंबाखालच्या पोरांच्या दुपारच्या जेवणासाठी ठेवली. परतताना अध्यक्ष मोटारीत म्हणाले की जूनपासून मुख्याध्यापिकेच्या खोलीला नवा पंखा लावून घ्या. एवढेच म्हणाले, पण मला पुरले.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
हेमावती

ता. क. मिस मॅक्रे ऑगस्टपासून तीन महिने एका मुलीला त्यांच्या शाळेत बोलावत आहेत. खर्च त्यांचा. मुलगी त्यांच्या घरी राहील आणि तिच्यासाठी शाकाहारी स्वयंपाकाची वेगळी भांडी ठेवतील, मी लिहून घेतले आहे. त्यांनी चंद्रव्वाचे नाव घेतले. लातूरची मंडळी तिला पाहायला येणार आहेत, त्यांना दिवाळीनंतर यायला सांगाल का? त्यासाठीच एवढे लांबलचक पत्र लिहिले.

ता. क. २. पालकाच्या सहीचा कागद मिसबरोबर कालच जाणे भाग होते. तुम्ही दुकानाच्या मालासाठी बाहेरगावी होतात. कागद एस.टी.च्या कंडक्टरबरोबर बार्शीला पाठवला आणि वहिनींनी सही केली. तुमच्या नावाची नव्हे, स्वतःच्या. अंगठा नाही, अण्णा, सही. त्यांना लिहिता येते हे मलाही परवाच कळले. चंद्रव्वा दोन सुट्ट्या त्यांना शिकवत होती म्हणे. ‘काशम्मा’ मधला ‘श’ जरा वाकडा आला आहे, पण वाचता येतो.