बोटीवरचा तो दिवा

तारकर्ली, शुक्रवार, तिन्हीसांजेनंतर

माझे डोळे गेले म्हणे! रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं टाकण्याआधी वाळूवरून बांगड्यांचा थवा हेरायचं काम माझं. आज थवा समोर उसळला, शेजारच्या रापणीने ओढून नेला. मला दिसला फक्त पर्यटकांच्या बोटीवरचा लख्ख उघडझाप करणारा दिवा. असं कसं झालं?

डोळ्यांची तपासणी शिकणारी लेक म्हणाली, "बाबा, डोळे बरे आसत तुमचे. बघलेलां मेंदूक कळाक वायच वेळ लागता. तेवढ्यात लख्ख काय इलां, तर आदलां पुसान जाता."

म्हणजे तो दिवा! रापणीच्या म्होरक्याला, तांडेलाला सांगितलं, तर म्हणतो, "रवांदे. उद्यापासून तुझ्या जागेर माझो भाचो बसतलो."

बसू दे. दिवा हलवणार नाहीत, माणूस हलवणार. विशीतल्या भाच्याचेही उद्या डोळे गेले म्हणणार का?