निळं ठिगळ

प्रिय दीपिका,

जय भीम. रखमा कोळणीबरोबर धाडलेले सुके बोंबील नि करंदी मिळाली. ती पैसे घेईना, मीच शंभराची नोट टोपलीत टाकली. फुकटचं अंगी लागत नाही, बाई. पण आता तिला परळात पाठवू नकोस. का, ते वाच.

शेजारच्या प्रितीने मला फोनवर फेसबुक लावून दिलं, विहारातली वंदना घरबसल्या ऐकायला. परवा त्यात ‘तुमच्या ओळखीचे असतील’ म्हणून माणसं दिसायला लागली. आधी रखमा. तिच्याखाली भलत्याच नावाची कुणी बाई. चेहरा नाही, नुसती दोरीवर वाळत घातलेली गोधडी. माझे टाके मी ओळखणार नाही होय? तुझ्या दारातली दोरी तरी दिसली म्हणून मी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून रडले.

मग प्रितीला विचारलं, ह्या मेल्या फोनला कळलं कसं? ती म्हणाली, काकू, फोन आपले नंबर वाचतो. तुमच्याकडे रखमाचा, रखमाकडे ताईचा. धाग्याला धागा जोडत जातो. हर्षवर्धनच्या फोनात माझा नंबर आहे गं.

मनाला समजावलं, एवढ्या चेहऱ्यांत गोधडी कोण बघतंय? पण तिच्यात मधोमध त्याच्या निळ्या शर्टाचं ठिगळ आहे. दोघांची ऊब राहावी म्हणून लग्नात मीच हौसेने जावयाकडून मागून घेतलेलं.

काल तो संत्री घेऊन आला. गोड बोलला. चपला घालताना म्हणाला, आई, माझ्या शर्टाची ती गोधडी कुठाय हो? आणि दारावर येते ती कोळीण कुठली? मी म्हटलं, कोळणी काय, छप्पन्न येतात. तो हसला. तुझा हात मोडला तेव्हा दवाखान्यात हसला होता, तस्सा.

म्हणून फोन केला नाही, आलेही नाही; खाली पानवाल्यापाशी तो उभा असतो. हे पाकीट प्रिती टाकेल. तो फोटो काढून टाक, मच्छीमार नगर सोड. मावशीकडे नको, ते घर त्याला ठाऊक आहे. कुठे जातेस ते रखमाला सांगू नकोस, मलाही नको. फक्त ते निळं ठिगळ उसव आणि प्रितीच्या पत्त्यावर उलट टपाली पाठव. चिठ्ठी नको. तुकडा हातात पडला की समजेन, निघालीस.

तुझीच,
आई