पाहुण्यांचं वायफाय

प्रिय गोमटेश,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे पत्र. आपल्या पतसंस्थेत तू बसवलेली फायरवॉल अजून जागी आहे. तिच्या नाकावर टिच्चून आप्पांनी गेल्या आठवड्यात निपाणीच्या बाजारातून एक राऊटर आणला, थेट आतल्या स्विचला जोडला आणि पासवर्ड फळ्यावर ठेवींच्या व्याजदराखाली खडूनं लिहून टाकला. आल्या माणसाला पाणी विचारतो, मग हे विचारायला नको व्हय, हा चेअरमनसाहेबांचा मुद्दा. म्हणजे पुढच्या दारावर पहारा, आणि मागची खिडकी सताड उघडी! समोरच्या चहाच्या गाड्यावरून कुणीही सभासदांच्या खात्यांपर्यंत पोचला असता. मी वायर उपटली. आप्पा दोन दिवस माझ्याशी कन्नडमध्ये बोलले. रागावले की त्यांचं तसंच असतं, तुला ठाऊक आहे.

शेवटी बेळगावच्या खासबागेतून नागेंद्रला बोलावलं. त्यानं एकाच यंत्रावर दोन नेटवर्क करून दिली. एक कर्मचाऱ्यांचं, ज्याला त्याला आपल्या नावाचा पासवर्ड. कुणी सोडून गेला की तेवढाच बंद करायचा. दुसरं पाहुण्यांचं, ते फायरवॉलमधून सरळ बाहेर इंटरनेटला जातं, आतलं एकही मशीन त्याला दिसत नाही. आप्पांना पटेना. मी म्हटलं, आपल्या घरासारखंच हो, पाहुण्यानं बाहेरच्या सोप्यात बसायचं, चहा प्यायचा, आत यायचं नाही. बोलून गेले आणि जीभ चावली. तुझी ऋतिका पहिल्यांदा आली तेव्हा, आपल्या जैनांतली नाही म्हणून, तिचं ताट सोप्यात मांडलं होतं. तू आपलं ताट उचलून तिच्याशेजारी जाऊन बसलास, आणि त्यानंतर आलाच नाहीस.

मग नागेंद्रनं कर्मचाऱ्यांची नावं विचारली. आप्पा म्हणाले, गोमटेशचं बी घाल. मी म्हटलं, इथं काम करत नाही तो पाहुणा, हा नियम फायरवॉल बसवताना त्यानंच घालून दिलाय. वाटलं, आता महिनाभर कन्नड. पण आप्पा फळ्याकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “हापिसात घाल पाहुण्यात. घरात त्यो पाहुणा न्हाय. ती पोरगी बी न्हाय.”

एवढं एक वाक्य तुझ्यापर्यंत पोचवायला मला राऊटरपासून सुरुवात करावी लागली. दिवाळीला दोघं या. दिवस मावळायच्या आत पोचा, नाहीतर उपाशी झोपाल. तो नियम काही आप्पा बदलणार नाहीत. ताटं मात्र दोन्ही आत मांडायची, असं त्यांनी स्वतःच आईला सांगितलंय.

तुझीच,
ब्राह्मीआक्का